रिकाम्या हौद्याचा आवाज आणि चालकाचे कान

जाधववाडीच्या बाजार समितीत पहाटे माल उतरवून परतीला लागलेल्या कोणत्याही पिकअप चालकाला विचारा, तो एक गोष्ट हमखास सांगेल. भरलेल्या गाडीपेक्षा रिकामी गाडी जास्त वाजते. कन्नडहून आले, सिल्लोडकडून मिरची किंवा पैठण तालुक्यातून मोसंबी घेऊन येताना मुकाट धावणारी गाडी परतताना खडखडू लागते. फाळक्याच्या साखळ्या आपटतात, हौद्याचा पत्रा घुमतो, चाकांनी उडवलेली खडी खालून ताडताड बसते. चालक रेडिओ मोठा करतो, मोबाइलवर ओरडून बोलतो. घरी पोहोचल्यावर तासभर कान दडे बसल्यासारखे राहतात आणि घरचे काय म्हणतात ते दोनदा विचारावे लागते. ‘धंद्याचा भाग’ म्हणून तो हे सोडून देतो.

मोटारींच्या दारांना आणि फरशीला आवाज शोषणारे थर बसवण्याची पद्धत आता गॅरेजवाल्यांना नवी राहिलेली नाही. त्यामुळे पिकअपचा हौदा उतरवून त्यालाही खालच्या बाजूने असा थर दिला तर आवाज कमी होईल का, हा प्रश्न चालक-मालकांच्या मनात येतो. वरवर हे निव्वळ गाडीचे काम वाटते. पण रोज आठ-दहा तास त्या केबिनमध्ये बसणाऱ्या माणसाच्या कानांचा, झोपेचा आणि रस्त्यावरच्या सावधपणाचा त्यात संबंध आहे. म्हणून या प्रश्नाकडे आरोग्याच्या बाजूनेही पाहायला हवे.

कारखान्याच्या भिंतीआड आणि भिंतीबाहेर

छत्रपती संभाजीनगर हे वाहन उद्योगाचे शहर आहे. वाळूजला १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्या लहान-मोठ्या कारखान्यांचे जाळे वाढले. चिकलठाणा, शेंद्रा, वाळूज या पट्ट्यांत प्रेस, ग्राइंडर आणि कॉम्प्रेसर यांचा आवाज हा रोजचाच. या आवाजाने येणारा बहिरेपणा कायद्यात नोंद करण्याजोगा व्यवसायजन्य आजार म्हणून दाखल आहे. कारखान्यांसाठीच्या नियमांत आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही मर्यादा आहे. अमेरिकेतील व्यवसाय-आरोग्य संस्था तर ८५ डेसिबलच्या वर जाऊ नये असे सांगते. नियम पाळला जातो की नाही हा भाग वेगळा, पण निदान भिंतीच्या आतल्या कामगारासाठी नियम आहे, कानाचे रक्षक आहेत आणि श्रवणचाचणीची तरतूद आहे.

त्याच कारखान्याचे सुटे भाग भरून वाळूजहून चाकणला जाणाऱ्या पिकअप चालकाचे काय? गाडी बहुतेक वेळा त्याची स्वतःची, कर्जावर घेतलेली. त्याचा मालकही तोच आणि कामगारही तोच. केबिनमधला आवाज कोणी मोजत नाही, श्रवणचाचणी कोणी करून घेत नाही. वाहन परवान्यासाठी लागणाऱ्या वैद्यकीय प्रमाणपत्राच्या नमुना १-अ मध्ये कानाविषयी प्रश्न असतो, पण तो नेहमीचे आवाज आणि इशारे ऐकू येतात का, एवढ्यापुरता. आवाजामुळे सुरू झालेला बहिरेपणा पहिली काही वर्षे या प्रश्नाच्या चाळणीतून सहज निसटतो. कारण तेव्हा हॉर्न उत्तम ऐकू येत असतो.

व्यवसायामुळे येणारा बहिरेपणा ही काही आजची गोष्ट नाही. व्यवसायजन्य आजारांचा पाया घालणारे इटालियन वैद्य रामाझ्झिनी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी व्हेनिसच्या तांबटांबद्दल लिहून ठेवले आहे. दिवसभर तांबे ठोकणाऱ्या या कारागिरांचे कान हळूहळू निकामी होतात आणि म्हातारपणी ते पूर्ण बहिरे होतात, असे त्यांचे निरीक्षण होते. हातोड्याची जागा आज इंजिनाने आणि पत्र्याने घेतली आहे, कान मात्र तेच आहेत.

कानात नेमके काय होते

आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखा एक पोकळ अवयव असतो. त्याला शंखिका म्हणतात. तिच्यात सुमारे पंधरा हजार केसपेशी ओळीने बसलेल्या असतात. आवाजाची लाट आली की या पेशींच्या टोकांवरचे सूक्ष्म तंतू शेतातल्या गव्हासारखे लवतात आणि त्या हालचालीचा विद्युत संदेश मेंदूकडे जातो. वाऱ्याची झुळूक गेली की पीक पुन्हा उभे राहते. वादळ मोठे आणि लांबलेले असेल तर ते आडवे होते आणि काही ताटे कायमची मोडतात. फरक इतकाच, की शेतात पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येते. माणसाच्या कानात मेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही.

प्रवास संपल्यावर कान दडपल्यासारखे वाटणे किंवा ‘गुंई’ आवाज येणे ही पेशी थकल्याची खूण आहे. रात्रभर शांतता मिळाली की बहुतेक वेळा ऐकणे पूर्ववत होते. पण ही थकवणूक रोजची झाली की काही पेशी सावरत नाहीत. आवाजाचा पहिला घाव साधारण ४,००० हर्ट्झच्या आसपासच्या उंच स्वरांवर पडतो. बोलण्यातील ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ यांसारख्या व्यंजनांची ओळख उंच स्वरांवरच अवलंबून असते. त्यामुळे अशा माणसाला आवाज ऐकू येतो, पण शब्द नीट कळत नाहीत. लहान मुलांचे आणि बायकांचे बोलणे समजायला जड जाते. घरात टीव्हीचा आवाज वाढत जातो. ‘तुम्ही पुटपुटता’ अशी त्याची तक्रार असते आणि ‘यांचे लक्षच नसते’ अशी घरच्यांची.

डेसिबलचा हिशेब नेहमीच्या बेरजेसारखा चालत नाही, हे इथे समजून घ्यायला हवे. ३ डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. म्हणून ८५ डेसिबलमध्ये आठ तास चालत असतील, तर ८८ मध्ये चार, ९१ मध्ये दोन आणि ९४ मध्ये एकच तास. उलट बाजूने पाहिले तर हीच गोष्ट आशादायक आहे. केबिनमधला आवाज अवघ्या ३ डेसिबलने उतरला, तर कानावर पडणारी ऊर्जा अर्धी होते. ‘फारसा फरक जाणवला नाही’ असे चालक म्हणत असला, तरी कानाच्या हिशेबात तो फरक मोठा असू शकतो.

पत्रा का घुमतो

देवळातली घंटा वाजवून लगेच तिला हात लावला, की नाद थांबतो. स्टीलच्या ताटावर टिचकी मारली तर ते झणझणते, त्यावर बोट टेकवले की गप्प होते. हौद्याचे विज्ञान एवढेच आहे. लोखंडी पत्र्यात स्वतःची कंपने गिळण्याची ताकद जवळजवळ नसते. दोन आडव्या पट्ट्यांच्या मधला मोठा सपाट पत्रा ढोलाच्या पानासारखा ताणलेला असतो. चॅसिसमधून येणारी इंजिनाची थरथर, पाट्यांचे धक्के आणि खालून बसणारी खडी त्याला वाजवत राहते. त्यावर वीस-पंचवीस पोती ठेवली, की घंटेला हात लावल्यासारखे होते. म्हणूनच भरलेली गाडी कमी वाजते. चालकाचा अनुभव आणि भौतिकशास्त्र इथे एकच सांगतात.

आवाज शोषणारा थर हा त्या पोत्यांचा कायमचा, हलका पर्याय असतो. ब्यूटाइल रबराच्या पट्टीला एका बाजूने ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो, दुसरी बाजू चिकट असते. पत्रा थरथरला की मधले रबर ताणले-दाबले जाते आणि कंपनाची ऊर्जा किंचित उष्णतेत बदलून विरून जाते. त्यासाठी सगळा पत्रा झाकावा लागत नाही. मोठ्या सपाट भागांच्या मध्यावर, एकूण क्षेत्राच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतका थर बसला तरी बहुतेक फायदा मिळतो. समजा हौदा ९ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद आहे. तळ साधारण ५० चौरस फुटांचा झाला. त्यातला तिसरा हिस्सा १६-१७ चौरस फूट, म्हणजे पाच-सहा किलोचा माल. एवढ्या वजनाने गाडीच्या क्षमतेत फरक पडत नाही. सगळा तळ दोन-दोन थरांनी मढवण्याचा सल्ला कोणी देत असेल, तर त्यात विकणाऱ्याचा फायदा अधिक.

थर्मोकोल, स्पंज किंवा काचलोकर खालून चिकटवण्याचा मात्र उपयोग नाही. हे पदार्थ बंद खोलीतला प्रतिध्वनी कमी करू शकतात, पत्र्याचे कंपन थांबवू शकत नाहीत. शिवाय हौद्याखाली ते पाणी आणि चिखल धरून ठेवतात. पावसाळ्यानंतर त्यांच्या आड पत्रा सडू लागतो.

आधी आवाजाचा उगम शोधा

आजाराचे निदान न करता औषध दिले तर जे होते, तेच इथेही होते. केबिनमध्ये येणारा सगळा आवाज हौद्याचा नसतो. पिकअपमध्ये हौदा आणि केबिन वेगवेगळे असतात आणि दोन्ही चॅसिसवर स्वतंत्रपणे बसवलेले असतात. इंजिन आणि गिअरबॉक्सचा आवाज केबिनच्या फरशीतून आणि पुढच्या पत्र्यातून थेट आत येतो. फुटका सायलेन्सर, दारांचे झिजलेले रबरी बीडिंग, इंजिनाचे बसलेले रबर, झिजलेले टायर हे प्रत्येकी वेगळे कारण. २००५ मध्ये आलेल्या आणि ‘छोटा हत्ती’ नावाने घरोघर ओळखल्या जाणाऱ्या टाटा एसच्या पहिल्या गाड्यांत तर दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन चालकाच्या आसनाखालीच होते. अशा गाडीत हौद्याला थर देऊन मुख्य आवाज कसा कमी होणार?

निदानाची साधी पद्धत चालक स्वतः करू शकतो. गाडी उभी करून इंजिन वेगवेगळ्या वेगाने चालवून ऐकावे. तेव्हाच केबिन भरून आवाज येत असेल, तर दोष इंजिन, सायलेन्सर किंवा केबिनच्या फरशीचा. मग एकाच रस्त्यावर, एकाच वेगाने रिकामी गाडी एकदा तशीच आणि एकदा फाळका दोराने घट्ट बांधून, साखळ्यांना चिंध्या गुंडाळून चालवावी. आवाज उतरला तर खडखड साखळ्यांची होती, ती चार रबरी तुकड्यांनी बंद होते. तिसऱ्या वेळी हौद्यात वाळूची आठ-दहा पोती पसरून जावे. आता घुमणे थांबले, तर पत्रा हाच दोषी. शेजारी बसलेल्या माणसाने मोबाइलमधील आवाज मोजणारे ॲप लावले, तर आकडा अगदी अचूक नसला तरी आधीच्या आणि नंतरच्या आवाजाची तुलना करता येते.

खर्चाचा क्रमही यावरूनच ठरतो. आधी ढिले बोल्ट आवळणे, साखळ्या, बिजागऱ्या, सायलेन्सर. मग दारांचे बीडिंग आणि केबिनची फरशी व मागची भिंत. चालकाचे कान केबिनमध्ये असल्याने याच कामाचा परिणाम सर्वात जास्त दिसतो. त्यानंतर हौद्याच्या तळावर जाड रबरी मॅट. यासाठी हौदा उतरवावाही लागत नाही. हौदा उतरवून खालून थर देण्याचे काम शेवटी येते. गंज काढायचा आहे, चॅसिसला रंग द्यायचा आहे किंवा हौद्याची रबरे बदलायची आहेत, अशा कारणांनी हौदा उतरणारच असेल, तेव्हा ते करून घेणे सर्वात शहाणपणाचे.

हौदा उतरवायचा असेल तर

या कामातला खरा धोका आवाजाचा नसून वजनाचा असतो. पोलादी हौदा चार माणसांनी ‘धर-उचल’ करून काढण्याचा प्रकार नव्हे. चेन पुली किंवा क्रेन असलेल्या गॅरेजमध्येच हे काम द्यावे. हौदा उचलण्यापूर्वी बॅटरीची तार काढणे, मागच्या दिव्यांच्या तारा सोडवणे, स्टेपनी आणि मडगार्ड काढून ठेवणे, सगळे बोल्ट निघाल्याची खात्री करणे, हा क्रम चुकवू नये. एखादा बोल्ट अडकलेला असताना पुली ओढली, तर हौदा तिरका होऊन सुटतो.

नुसत्या जॅकवर किंवा साखळीवर तोललेल्या हौद्याखाली कोणीही शिरू नये. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नाही. उचललेला हौदा पक्क्या घोड्यांवर टेकवावा, हलवून पाहावा आणि मगच खाली हात घालावा. शक्य असेल तर हौदा पूर्ण बाजूला काढून आडव्या अंगावर भक्कम टेकू देऊन उभा करावा, म्हणजे कोणाला खाली झोपून काम करावेच लागत नाही. छाती किंवा पोट दाबले गेलेला माणूस बाहेर काढल्यावर बोलतो, उठून बसतो, म्हणून ‘काही झाले नाही’ असे समजू नये. आतला रक्तस्राव बाहेरून दिसत नाही. १०८ ला फोन करून त्याला रुग्णालयातच न्यायला हवे.

गंज काढताना कोनी ग्राइंडर वापरला, तर त्याचा आवाज १०० डेसिबलच्या घरात जातो. या पातळीला सुरक्षित वेळ जेमतेम १५ मिनिटांची. चालकाचे कान वाचवण्यासाठी केलेल्या कामात मिस्त्रीचे आणि त्याच्या हाताखालच्या पोराचे कान जाता कामा नयेत. फोमचे कर्णरोधक किंवा कानावरचे मफ आणि डोळ्यांना बंद चष्मा हवाच. कापसाचे बोळे कानाचे रक्षण करत नाहीत, त्यांनी फक्त समाधान मिळते.

रसायनाचा वास आणि कान

थर देण्याचे दोन प्रकार आहेत. एक चिकटपट्टीसारखा, दुसरा फवाऱ्याचा. फवाऱ्याच्या अंडरकोटिंगमध्ये आणि पातळ करण्याच्या थिनरमध्ये टोल्यूइन, झायलीन यांसारखी द्रावणे असतात. त्यांच्या वाफेने डोके गरगरते, मळमळते, हे गॅरेजमध्ये सगळ्यांना माहीत असते. पण टोल्यूइन आतल्या कानाच्या पेशींनाही इजा करते आणि मोठा आवाज व टोल्यूइन एकत्र आले तर नुकसान आणखी वाढते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ग्राइंडर चालू असताना शेजारी फवारा मारणे म्हणूनच दुहेरी घातक.

दोन डब्यांतील द्रव मिसळून फवारल्या जाणाऱ्या पॉलियुरेथेनच्या कडक थरात आयसोसायनेट नावाची रसायने असतात. व्यवसायजन्य दम्याच्या महत्त्वाच्या कारणांत त्यांची गणना होते. एकदा शरीर त्यांच्याविरुद्ध संवेदनशील झाले, की पुढे अगदी थोड्या वाफेनेही दम्याचा झटका येऊ शकतो आणि त्या कारागिराला तो व्यवसायच सोडावा लागतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा करोनाकाळातला कापडी मास्क या वाफा अडवत नाही. योग्य श्वसनसाधने आणि हवेशीर जागा नसेल, तर फवाऱ्याचा हट्ट सोडून पट्टीचा पर्याय घ्यावा.

पट्टी लावण्याची रीतही थोडक्यात सांगता येते. पत्रा तारेच्या ब्रशने घासून गंज काढावा, तेलकटपणा पुसावा, गंजरोधक प्रायमर लावून पूर्ण वाळू द्यावा आणि मग पट्टी रोलरने दाबत बसवावी. ओल्या किंवा गंजक्या पत्र्यावर लावलेली पट्टी आतल्या आत गंज वाढवते. पाणी निघून जाण्याची छिद्रे, बोल्टच्या जागा आणि हौदा ज्या रबरांवर टेकतो ते भाग मोकळे ठेवावेत. सायलेन्सरच्या नळीजवळ काहीही चिकटवू नये. इंधनाची टाकी, नळ्या किंवा सीएनजीचे सिलिंडर यांच्या आसपास हीट गन चालवू नये.

इथल्या उन्हाळ्याचाही विचार हवा. मे महिन्यात हवेचे तापमानच ४० अंशांच्या वर जाते, मग उन्हात तापलेल्या पत्र्याचे विचारायलाच नको. डांबरी म्हणजे बिटुमेनच्या स्वस्त पट्ट्या या तापमानाला मऊ होऊन लोंबतात आणि खालच्या बाजूने तर गळूनही पडतात. ब्यूटाइलच्या पट्ट्या उष्णता अधिक सोसतात. थोडा खर्च वाढला तरी हौद्याच्या खालच्या बाजूला त्याच वापरणे बरे. हौदा परत बसवताना जुनी, दगडासारखी झालेली रबरी पॅकिंग बदलावीत आणि दोन-चार दिवस माल वाहिल्यावर सगळे बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत. हौद्याची लांबी, रुंदी किंवा उंची मात्र बदलू नये. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार अशा बदलांवर निर्बंध आहेत.

यातून काय मिळते आणि काय नाही

एवढे करून घुमणे आणि खडीची ताडताड नक्की कमी होते. घुमणाऱ्या आवाजाचे एक वैशिष्ट्य असे, की खालच्या स्वरातला मोठा आवाज वरच्या स्वरांना झाकून टाकतो. बोलण्यातली व्यंजने, मागून येणाऱ्या दुचाकीचा हॉर्न, चाकातून येणारी किरकिर, हे सारे त्या घुमण्यात बुडून जाते. म्हणून चालक रेडिओ आणि फोनचा आवाज वाढवतो आणि कानांवरचा भार स्वतःच्या हाताने आणखी वाढवतो. घुमणे उतरले की रेडिओची खुंटी आपोआप खाली येते. सतत आवाजात येणारी चिडचिड आणि थकवाही कमी होतो. समृद्धी महामार्गावर किंवा जालना रस्त्यावर रात्रीची गाडी हाकणाऱ्यासाठी हा फायदा लहान नाही.

पण हौद्याखालच्या थराने इंजिनाचा आवाज जात नाही, हॉर्नचा तर नाहीच. बहुस्वरी कर्कश हॉर्न मोटार वाहन नियमांत निषिद्ध आहेत, तरी ते मालवाहू गाड्यांवर दिसतात. त्यांचा मारा रस्त्यावरच्या इतरांइतकाच तो बसवणाऱ्याच्या कानांवरही होतो. शरीराला बसणारे हादरेही या थराने कमी होत नाहीत. रिकामी पिकअप कडक पाट्यांवर उसळते आणि त्याचा त्रास कंबरेला होतो. त्यासाठी टायरमधील योग्य हवा, चांगले शॉक ॲब्सॉर्बर आणि आसनाची धड गादी हेच उपाय. गाडी चालवताना कानात बोळे किंवा इअरफोन घालणे हा तर उपाय नव्हेच, कारण रस्त्यावरचे इशारे ऐकू येणे चालकासाठी अत्यावश्यक आहे.

तपासणी कधी आणि कुठे

रोज गाडी चालवणाऱ्याने वर्षातून एकदा श्रवणचाचणी करून घ्यावी. तिला ऑडिओमेट्री म्हणतात. शांत खोलीत हेडफोन लावून वेगवेगळ्या स्वरांतले बारीक आवाज ऐकवले जातात, ऐकू आला की बटण दाबायचे. सुई नाही, वेदना नाही. शहरात घाटी रुग्णालय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या कान-नाक-घसा विभागात, तसेच खासगी तज्ज्ञांकडेही ती होते. केंद्र सरकारचा बहिरेपणा प्रतिबंध कार्यक्रम २००६-०७ पासून सुरू आहे, त्यामुळे जिल्हा रुग्णालयांतही याबाबत विचारणा करावी. चाचणीला रात्रीची फेरी करून थेट जाऊ नये. निदान १४ तास मोठ्या आवाजापासून दूर राहिल्यावरचा निकालच खरा मानला जातो. सुट्टीच्या दिवसानंतरची सकाळ त्यासाठी उत्तम.

कानात सतत गुंजारव, फोन एका विशिष्ट कानालाच लावावा लागणे, गर्दीत बोलणे न समजणे ही लक्षणे असतील तर वर्षाची वाट पाहू नये. मधुमेह आणि तंबाखूचे व्यसन असलेल्यांना धोका अधिक. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर ती तातडीची बाब आहे. मळ असेल म्हणून तेल टाकत बसण्यात पहिले दोन-तीन दिवस गेले, तर उपचाराचा सर्वात उपयोगी काळ निघून जातो.

आवाजाने गेलेले ऐकणे परत आणणारे औषध आज उपलब्ध नाही. श्रवणयंत्राने आवाज मोठा होतो, मेलेल्या पेशी मात्र परत येत नाहीत. उरलेले टिकवणे तेवढे आपल्या हातात असते, आणि त्यासाठी किती उरले आहे ते आधी कळावे लागते. गाडीच्या कप्प्यात आरसी, विमा, पीयूसी आणि फिटनेसचे कागद जपून ठेवलेले असतात. गाडीची तब्येत वेळोवेळी तपासली जाते ती त्यांच्यामुळेच. त्याच कप्प्यात चालकाच्या श्रवणचाचणीचा एक आलेख ठेवला आणि पुढच्या वर्षीचा त्याच्या शेजारी लावून पाहिला, तर हौद्याखालच्या थरावर केलेला खर्च कानांच्या कामी आला की नाही, हेही कळेल.